मापाची विद्या: वर्ध्याच्या वावरातून काटेकोर शेतीच्या शाळेकडे

इसवी सन १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. आज ज्याला आपण वर्धा शहर म्हणतो ते तेव्हा नव्हतेच. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर ते चार वर्षांनी, १८६६ मध्ये, आखून वसवले गेले. त्याच १८६२ च्या २ जुलैला अमेरिकेत अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. सरकारी जमीन राज्यांना द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढायची, असा तो कायदा. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. सालांची अशी जुळणी सापडली की इतिहासाच्या नादी लागलेल्याला ती सोडवत नाही, एवढेच. पण या मागोव्यात आपल्याला दोन्हीकडे जावे लागणार आहे. जिथे जेवढी गरज तिथे तेवढेच मोजून देणाऱ्या काटेकोर शेतीचे शिक्षण गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात द्यावे, ही आजची कल्पना दोन वेगळ्या घराण्यांतून आलेली आहे. एक घराणे मापाचे, दुसरे शाळेचे. वर्ध्याच्या काळ्या मातीत ही दोन्ही घराणी दीडशे वर्षे शेजारी नांदली, मधूनमधून त्यांची सोयरीकही झाली. आणि प्रत्येक वेळी मोजलेला आकडा शेवटी कोणाच्या वहीत राहतो, यावर त्या सोयरिकीचे भवितव्य ठरले.

मापाचे घराणे साहेबाच्या आगमनापेक्षा बरेच जुने आहे. विदर्भातली तिफण पाहा. तिचे तीन फण ठरावीक अंतरावर बसवलेले असतात, वरच्या चाड्यात मूठ सोडली की बी नळ्यांतून सारख्या मानाने तासात उतरते. हे अंतर सुताराने हौसेने ठरवलेले नसते. पुढे महिनाभराने त्याच दोन तासांमधून डवरा जायचा असतो, आणि पेरणी वाकडी झाली तर डवरणीत तणाऐवजी पीक कापले जाते. तिफणीमागे सरते धरून चालणारी बाई कपाशीत तुरीचे तास किती ओळींनी टाकायचे याचा हिशेब पायांनी ठेवते. कॅप्टन थॉमस हालकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातील पाभरीच्या, म्हणजे तिफणीसारख्याच अवजाराच्या, पेरणीचे वर्णन लिहून पाठवले. तोवर अशी ओळीतली पेरणी म्हणजे युरोपातील अलीकडची सुधारणा, अशी त्याची समजूत होती. हे टिपण विसरलेल्या कागदांतून बाहेर काढून १९७१ च्या आपल्या ग्रंथात छापणारे धरमपाल आयुष्याच्या उत्तरकाळात सेवाग्रामला राहिले आणि तिथेच २००६ मध्ये वारले. मापाचा हा पहिला वारसा शिकवायला शाळा नव्हती. बाप तिफणीच्या दांडीला हात लावू देई तेव्हा मुलाचे शिक्षण सुरू होई, आणि आकडा घरातच राही.

तो घराबाहेर गेला कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात ऐकू येऊ लागले. हिंगणघाटची लांब धाग्याची ‘बनी’ ही तेव्हा देशी कापसातली मानाची जात. वर्ध्याची जमाबंदी केलेला जे. एच. रिव्हेट-कार्नॅक हा तरुण अधिकारी याच धामधुमीत कापूस आयुक्त नेमला गेला. बियाणे निवडणे, भेसळ रोखणे, कोणत्या भागात किती पेरा झाला याचे अहवाल वेळेवर धाडणे, ही त्याची कामे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वर्धा खोऱ्याचा कापूस मुंबईकडे वाहू लागला. आपण हे अहवाल आज उघडले तर त्यांतली बारकाई पाहून थक्क होतो. पण ती बारकाई कास्तकारासाठी नव्हती. व्यापार वाढला तशी लांब धाग्याची बनी मागे पडून आखूड धाग्याच्या, पण जास्त रुई देणाऱ्या जाती वावरात आल्या. कास्तकाराने आपला हिशेब मांडला होता, तो आयुक्ताच्या हिशेबाशी जुळला नाही.

यानंतरचा टप्पा सहसा कोणी आठवत नाही, आणि माझ्या मते तोच या कथेतला सर्वांत विलक्षण पूर्वज आहे. १८८० च्या दशकात मध्य प्रांताचे जमाबंदी व शेती आयुक्त म्हणून जे. बी. फुलर आले. त्यांनी ‘मृदा-एकक’ नावाची पद्धत बसवली. प्रत्येक गावातले प्रत्येक शेत मोजायचे, त्यातली माती ठरवायची: काळी, मोरंड, खरडी की बरडी. मग त्याच मातीचे शेत सखल आहे की उतारावर, नाल्याने फोडलेले आहे की गावाला लागून खताळ झालेले, जंगली जनावरांचा उपद्रव आहे की नाही, हे पाहायचे. प्रत्येक प्रकाराला एक सापेक्ष अंक द्यायचा, क्षेत्रफळाशी गुणायचा, आणि साऱ्या गावांची बेरीज एका मापावर आणायची. शेताशेतातला फरक आकड्यात पकडून तो नकाशाशी बांधण्याची ही रीत होती. आज उपग्रहाच्या चित्रावर रंगीत पट्टे काढून जे करतात त्याचे बीज इथे दिसते. नकाशाची बाहेरची चौकट सर्वेक्षण खात्याने आखायची आणि आतली शेते गावच्या पटवाऱ्याने साखळीने मोजायची, अशी विभागणी होती. त्यासाठी पटवाऱ्यांना मोजणी शिकवावी लागली. शेतीतले मापन या विषयाचा मध्य प्रांतातला पहिला सार्वत्रिक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम कोणता, असे कोणी विचारले तर मी पटवाऱ्यांच्या या शिकवणीकडे बोट दाखवीन. फक्त हे सारे सारा आणि खंड ठरवण्यासाठी होते. मोरंडात काय पेरावे आणि खरडीला खत किती द्यावे, हे त्या अंकांतून कास्तकाराला कोणी सांगितले नाही. अंक दप्तरात गेला. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि कागदोपत्री पटवाऱ्याचा तलाठी झाला, तरी वर्ध्याच्या खेड्यांत तो अजून पटवारीच आहे.

शाळेचे घराणे साधारण याच वेळी बोलू लागले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि त्या धड्यांना जोडून एक लहानसे नमुना-शेत असावे, म्हणजे मुलांना हाताने काम शिकता येईल, असे सुचवले. सरकारने ते मनावर घेतले नाही. नागपूरला १८८३ मध्ये प्रायोगिक शेत निघाले, १८८८ मध्ये शेतकी शाळा, आणि १९०६ मध्ये तिचे कॉलेज झाले. मॉरिल कायद्याच्या देशात कॉलेजातले ज्ञान शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्यासाठी १९१४ मध्ये वेगळा विस्तार कायदा करावा लागला. त्याआधीच, १९०१ मध्ये, इलिनॉयमधल्या जोलिएट गावी दोन वर्षांचे ‘ज्युनिअर कॉलेज’ उघडले होते. घरून जाऊन-येऊन शिकता यावे, फी परवडावी, आणि पुढे मोठ्या विद्यापीठात जायची वाट खुली राहावी, हा त्यामागचा विचार. नागपूरच्या कॉलेजातून मात्र मुख्यतः शेतकी खात्याचे अंमलदार बाहेर पडत राहिले. वर्ध्याच्या कास्तकाराचा मुलगा तिथे गेला तर तो साहेब होऊन परते, किंवा परतच येत नसे.

आणि मग १९३० चे दशक. आपल्याला इथे जरा रेंगाळायला हवे, कारण पुढचे जवळजवळ सारे काही वर्ध्यात पाच-सहा मैलांच्या परिघात घडले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत १९३४ मध्ये मगनवाडी उभी राहिली आणि अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तिथे काम करू लागला. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा अहवालही आला. एवढ्या घाईने एवढा तपशीलवार अभ्यासक्रम आज कोणतीही समिती देऊ शकेल असे वाटत नाही. मूलोद्योग म्हणून कताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळे-भाजीपाला असे पर्याय होते, आणि प्रत्येक इयत्तेत मुलाने किती काम, किती वेळात, किती नासधूस होऊ देऊन करावे, याचे आकडे दिले होते. कताईत चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. मुलाने रोज गती मोजायची, सुताचा अंक काढायचा, मजबुती पाहायची, कापसाच्या वजनातली तूट लिहायची. गणित इथून निघे. या योजनेवर टीकाही तेव्हाच झाली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा हा स्वावलंबनाचा आग्रह समितीतल्याच के. टी. शहांना पटला नव्हता, आणि तो आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. पण एक गोष्ट पहिल्यांदाच घडली होती. मोजणाऱ्याच्या वहीत मोजलेला आकडा राहत होता.

मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास ‘विद्यामंदिर’ योजना आणली. दान मिळालेल्या जमिनीवर शाळा, आणि जमिनीच्या उत्पन्नातून गुरुजींचा पगार. तिच्या शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यालाच, गांधीजींच्या हस्ते सुरू झाले. शाळेला शेत जोडण्याची जी गोष्ट फुले मागत होते ती छप्पन्न वर्षांनी आली. मात्र नावावरून मुसलमान समाजात नाराजी झाली, युद्ध आले, १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना विरून गेली. सेवाग्रामचे काम टिकले. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी हिंदुस्तानी तालीमी संघ चालवला. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत नई तालीम, म्हणजे उद्योगातून शिक्षणाची हीच वर्ध्याची योजना, सात ते चौदा या वयाची चौकट मोडून जन्मापासून मरणापर्यंतची झाली: पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी, प्रौढ. उत्तर बुनियादीतली मुले शेत करीत, स्वयंपाकघराला लागणाऱ्या धान्य-भाजीचा अंदाज बांधत आणि खताच्या खड्ड्यापासून ताटापर्यंतचा हिशेब ठेवत. अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव ट्रूमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने रूढ केले ते १९४७ मध्ये; त्यातला बराचसा आशय सेवाग्रामच्या ठरावात दोन वर्षे आधी उतरला होता. ही आपली फुशारकी नाही, आणि त्यांनी आपले उचलले असेही नाही. दोन देश एकाच गरजेपाशी आपापल्या वाटेने आले होते.

त्या वाटा एकदा प्रत्यक्ष एकत्र आल्या. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या राधाकृष्णन आयोगात आर्थर मॉर्गन हे अमेरिकन सभासद होते. ते धरणे बांधणारे अभियंते, टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष, आणि शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष नोकरी करायला लावणाऱ्या अँटिऑक कॉलेजचे माजी प्रमुख. १९४९ च्या अहवालातल्या ग्रामीण विद्यापीठांच्या प्रकरणावर त्यांचा ठसा आहे, आणि त्या प्रकरणाची पायाभरणी सेवाग्रामच्या बुनियादी शाळांवर केलेली आहे. १९५६ मध्ये देशात ग्रामीण संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठ आले. त्यांच्या पदविकांना इतर विद्यापीठांत मोल मिळेना. शिडीची वरची पायरीच काढून घेतली की खालच्या पायऱ्यांवर कोण चढणार? एकेक संस्था मग चारचौघांसारखे महाविद्यालय होऊन गेली.

वर्ध्यात याच काळात दोन माणसांनी मापाला वेगळेच वळण दिले. मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले. त्यांची ‘समतोल शेती’ म्हणजे एक कोष्टकच होते. एका लाख लोकसंख्येला रोज माणशी किती औंस धान्य, डाळ, गूळ, तेल, भाजी लागेल ते लिहायचे, त्यावरून एकर काढायचे, आणि जमीन त्या प्रमाणात पिकांना वाटायची. बाजाराला काय हवे हा रकाना त्यात अखेरीस येतो. पुढे त्यांनी वर्ध्याजवळच्या सेलडोहला पन्नई आश्रम काढून शेतीतच बस्तान बसवले. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, आणि ऋषिशेतीचा प्रयोग मांडला: बैल नाही, नांगर नाही, कुदळीने माणसाच्या हाताने शेती, आणि श्रमाची व पिकाची नोंद. १९५१ च्या मार्चमध्ये ते तेलंगणाकडे चालत निघाले, भूदान सुरू झाले, आणि शेतातला प्रयोग मागे राहिला. यंत्राला नकार देणाऱ्या या दोघांना काटेकोर शेतीच्या वंशावळीत बसवणे कोणाला ओढूनताणून वाटेल. मला तसे वाटत नाही. कुमारप्पांचा ट्रॅक्टरला विरोध होता, मोजण्याला नव्हता.

सरकारी शाळेची वाट यानंतर भराभर पार करता येते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कृषी तंत्रनिकेतने सुचवली. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले आणि त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. १९७४ मध्ये पुदुच्चेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. मोहनसिंह मेहता समितीने त्याला दिलेले ‘करून शिका’ हे सूत्र नई तालीमच्या कुळातले आहे. वर्ध्याचे केंद्र देवळी तालुक्यात सेलसुऱ्याला, अकोला विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. दहावीनंतर मराठीतून कृषी पदविका देणारी कृषी तंत्र विद्यालये गावोगाव झाली. १९८९ मध्ये नाशिकला राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि त्याने प्रमाणपत्र, पदविका, पदवी अशी पायरीपायरीने चढायची शेती-शिक्षणाची रचना आणली. ग्रामीण संस्थांची मोडलेली शिडी इथे दुरुस्त झाली. कम्युनिटी कॉलेज हे नाव भारतात १९९० च्या दशकात पुदुच्चेरी आणि चेन्नईकडून आले, आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची योजना केली. अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयातच वर्ग, सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून पुढे, साठ टक्के कौशल्य आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षण, आणि सोबत एक उद्योग-भागीदार.

आता मापाच्या घराण्याकडे परत येऊ. इलिनॉय विद्यापीठाच्या लिन्स्ले आणि बाउअर या दोघांनी १९२९ मध्ये शेतकऱ्यांसाठी एक पत्रक काढले. शेतावर जाळे आखा, चौकटी-चौकटीतून मातीचे नमुने घ्या, आम्लतेचा नकाशा काढा आणि जिथे गरज आहे तिथेच चुनखडी टाका. काटेकोर शेतीचा सारा मंत्र त्या पत्रकात आहे, आणि ते जवळजवळ साठ वर्षे विस्मरणात पडले, कारण दरम्यान ट्रॅक्टर मोठे झाले, खत स्वस्त झाले आणि सगळ्या शेताला सारखाच डोस देणे सोयीचे ठरले. १९८० च्या दशकात संगणकाने खताचे प्रमाण चालता-चालता बदलणारी यंत्रे निघाली. १९९२ मध्ये मिनेसोटात पिअर रॉबर्ट यांच्या पुढाकाराने या विषयाची पहिली परिषद भरली. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-स्थाननिश्चितीच्या नागरी संकेतातली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि ट्रॅक्टरला आपण शेतात नेमके कुठे आहोत ते कळू लागले. पाठोपाठ मध्यपश्चिमेतल्या कम्युनिटी कॉलेजांत ही यंत्रे चालवणारे आणि दुरुस्त करणारे तंत्रज्ञ घडू लागले. भारतात तमिळनाडूने २००४ मध्ये धर्मपुरी आणि कृष्णगिरीत ठिबक, विद्राव्य खते व शेतकरी गट यांच्या जोरावर काटेकोर शेतीचा मोठा प्रकल्प केला. त्यात उपग्रह फारसा नव्हता, पाण्याचा मीटर होता.

वर्ध्याला ही लाट पोचली तेव्हा जिल्हा वेगळ्याच आकड्यांसाठी ओळखला जात होता. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज आले, त्यांत वर्धा होता. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भातले सोयाबीन फस्त केले आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांत जाऊन अळ्या मोजायच्या, आकडा संगणकावर चढवायचा आणि सल्ला गावाला पाठवायचा. माझ्या मते या भागातल्या काटेकोर शेतीचा खरा आरंभ हाच. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी निघाली, तर फवारणी. नाहीतर पंप खाली ठेवायचा. यासाठी ड्रोन लागत नाही. लागतो तो मोजायची सवय असलेला आणि मोजल्यावर शेजाऱ्याच्या फवारणीचा आवाज ऐकूनही थांबू शकणारा माणूस. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, तेव्हा अशा माणसाच्या अभावाची किंमत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

२०१५ पासूनच्या दहा वर्षांत मापाची साधने इतक्या वेगाने आली की शाळा मागेच राहिली. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्या नियमात बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेतात, कोरडवाहूत दहा हेक्टरांतून. महाराष्ट्रात सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. म्हणजे वर्ध्याच्या कोरडवाहू शिवारात सात-सात कास्तकारांना एकाच मुठीतल्या मातीचा अहवाल मिळू शकतो. फुलरच्या पटवाऱ्याने याहून जास्त काटेकोरपणा दाखवला होता, तोही साखळी आणि डोळे एवढ्या भांडवलावर. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि पेऱ्याची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. पटवाऱ्याच्या हातातली लेखणी दीडशे वर्षांनी कास्तकाराच्या हातात आली, वही मात्र अजून सरकारचीच आहे. २०२३ च्या अखेरीस ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली: १,२६१ कोटी रुपये, १५,००० महिला बचत गट, आणि प्रत्येक निवडलेल्या बाईला १५ दिवसांचे प्रशिक्षण, त्यांपैकी पाच दिवस उड्डाणाचे आणि दहा दिवस फवारणीचे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून ५०० कोटींची तरतूद केली. पंधरा दिवसांत ड्रोन उडवता येतो हे खरे. कोणत्या तासावर उडवू नये हे कळायला खरिपाचा एक पूर्ण हंगाम जावा लागतो.

म्हणून आज वर्ध्यात काटेकोर शेतीचा अभ्यासक्रम आखायला जो बसेल त्याला कोऱ्या पानावर लिहायचे नाही. सेलसुऱ्याचे केंद्र आहे. १९१४ पासूनच्या शिक्षा मंडळाचे पिपरीचे ग्रामीण सेवा महाविद्यालय आहे, त्याच मंडळाची २०१७ मध्ये निघालेली अभियांत्रिकी संस्था आहे. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. सेवाग्रामला २००५ पासून पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा आहे. तासाभराच्या वाटेवर नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहेत, दोन्ही १९७६ च्या. उणीव इमारतींची नाही. अडचण येते ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमातल्या ‘उद्योग-भागीदार’ या शब्दांपाशी. तो भागीदार ड्रोन विकणारी कंपनी असेल तर अभ्यासक्रम तिच्या यंत्राची माहितीपुस्तिका होऊन बसेल, आणि विद्यार्थ्यांनी गोळा केलेली मातीची, पिकाची माहिती तिच्या संगणकात जाईल. रिव्हेट-कार्नॅकच्या अहवालांचे तेच झाले होते. तो भागीदार समुद्रपूरच्या हळद उत्पादकांचा गट असेल, ज्यांच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, किंवा हिंगणघाटच्या कापूस उत्पादकांची कंपनी असेल, तर तीच माहिती गावच्या वहीत राहू शकेल. कारंजा-आष्टीच्या संत्र्याला पाण्याचे माप हवे, हिंगणघाटच्या कपाशीला अंतराचे आणि बोंडांचे, सेलूच्या भाजीपाल्याला खताचे. तीन ठिकाणी तीन वेगळे तास.

वेळापत्रकाचा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो सगळ्यात आधी सोडवावा लागेल. विद्यापीठाचे सत्र जून-जुलैत प्रवेशाने सुरू होते आणि वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. तोवर पेरणी होऊन डवरणीही आटोपत आलेली असते. मातीचा नमुना घ्यायचा तर वखरणी झाल्यावर आणि खत पडण्याआधी, म्हणजे मेच्या उन्हात. तिफणीचे अंतर आणि यंत्राने पेरलेल्या बियाची उगवण तपासायची तर मृगात. सापळे लावायचे ते कपाशीला पात्या लागल्या की, आणि बोंडे फोडायची दसरा-दिवाळीच्या सुट्टीत. वेचाईच्या वेळी, तासागणिक वजन करून उत्पन्नाचा नकाशा काढायचा असतो तेव्हा, नेमकी सत्र परीक्षा येते. हे गणित जमवायचे तर प्रवेश अक्षय्य तृतीयेच्या आसपास द्यावे लागतील, दिवाळीची सुट्टी रद्द करावी लागेल, आणि परीक्षा मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून झाल्यावर शेताच्या धुऱ्यावर घ्यावी लागेल. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला यातले काय मान्य होईल, त्यावर पहिली तुकडी कोणत्या साली बाहेर पडते ते ठरेल.